आवक क्रमांक सतरा

"हात खाली घ्या, सिस्टर. तुमची बाकी आहे."

हे मी माइकवर बोललो. खरं तर माइकची काही गरज नव्हती. सोसायटीच्या हॉलमध्ये जेमतेम तीस माणसं होती. पण वार्षिक सभेत माइक एकदा हातात आला की मला तो सोडवत नाही.

त्याचं असं झालं, पहिल्या मजल्यावरच्या टेलरनं सेक्रेटरीपदासाठी पुन्हा माझंच नाव सुचवलं. अनुमोदन कोण देतंय म्हणून समोर पाहिलं, तर एकच हात वर. तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरचा. मेंटेनन्स थकवणाऱ्याला सभेत मत नाही, हा ठराव मीच आणलेला, आणि सिस्टरचे आठ महिने थकलेले. स्वतःच्या नावाला आलेला हातसुद्धा मी खाली घ्यायला लावतो, म्हणजे बघा केवढा निःस्पृह माणूस! खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझी छाती फुगली होती.

सिस्टरनी हात खाली घेतला. "हो, बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. मागं कुणीतरी हसलं. मग टेलरच्या बायकोनं अनुमोदन दिलं आणि मी बिनविरोध निवडून आलो.

हॉल आमच्या खिडकीखालीच. माइकनं सगळं वर पोचवलं होतं. घरात शिरतो तोच बायको म्हणाली, "शोभलं का हे तुम्हाला?"

"नियम सगळ्यांना सारखा."

"चुलीत घाला तुमचा नियम! तीन वर्षं रोज सकाळी मला इन्शुलिन कोण टोचतंय? तुम्ही?"

बायकोची नजर अधू, सिरिंजवरच्या रेघा तिला दिसत नाहीत. आणि अख्ख्या इमारतीला दरडावणारा मी, पण सुई पाहिली की मला घेरी येते. सिस्टर दवाखान्यातून निवृत्त झाल्या, तेव्हापासून रोज साडेसातला येतात. एक पैसा घेत नाहीत.

"उद्या त्या आल्या नाहीत तर?" बायको म्हणाली.

"अडचण होती तर बोलायचं होतं त्यांनी."

"बोलल्या की! अर्ज दिला होता. इथंच, माझ्यादेखत, तुमच्या हातात."

फाइल काढली. पाकीट होतं. आवक क्रमांक सतरा, वर माझाच शिक्का, माझीच सही. घरी आलेला अर्ज मी वाचत नाही. शिक्का मारतो, क्रमांक घालतो, फाइलला लावतो. पाकीट फोडायचं ते कमिटीसमोरच, म्हणजे वशिल्याचा प्रश्न नको. आणि कमिटीची बैठक सात महिने झालीच नव्हती, कारण चार डोकी काही एका वेळी जमत नव्हती.

उभ्याउभ्याच पाकीट फोडलं. धाकट्या बहिणीच्या ऑपरेशनमध्ये साठवलेलं सगळं संपलं, वर्षअखेरीपर्यंत मुदत मिळावी, असं लिहिलं होतं. आणि खाली: 'याची सभेत वाच्यता होऊ नये, ही विनंती. इमारतीत चार घरी मी इंजेक्शन द्यायला जाते. माझी अडचण कळली तर लोक पैसे पुढे करतील, आणि नाही म्हणणं मला जड जाईल.'

तसाच जिना चढलो. प्रत्येक पायरीवर वाटत होतं, मागं फिरावं.

सिस्टरनी दार उघडलं, खुर्ची दिली.

"सिस्टर, मी तुमचा अर्ज वाचलाच नव्हता हो."

"असं होय?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मला वाटलं, वाचूनच बोललात."

"चुकलो मी. माफ करा."

"अहो, नियमानं बरोबरच होतं तुमचं."

त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. टेबलावर नोटांची घडी होती. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली.

"टेलरबाई आत्ताच ठेवून गेल्या," त्या म्हणाल्या. "नको नको म्हणत होते, ऐकेनात. म्हणाल्या, रोज टोचून देता, घ्या. आता परत कसे करू, सुचत नाहीये."

पाणीसुद्धा न पिता खाली आलो. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी साडेसातला बेल वाजली.

"आत्ता कोण आलं?" बायकोनं विचारलं. सकाळी आमचं दार नुसतं लोटलेलं असतं. सिस्टर ते ढकलून, बायकोला हाक मारत, थेट स्वयंपाकघरात यायच्या. तीन वर्षांत त्यांनी कधी बेल वाजवली नव्हती.

मी दार उघडलं. उंबऱ्याबाहेर सिस्टर उभ्या होत्या.

"येऊ का आत, साहेब?"

कालपर्यंत मला भाऊ म्हणायच्या. मी बाजूला झालो. त्यांनी बायकोची नेहमीसारखी चौकशी केली, इन्शुलिन दिलं, हात धुतले. बायकोनं चहाचं विचारलं तर "आज घाई आहे," म्हणाल्या, आणि जाताना दार बाहेरून हळूच ओढून घेतलं.