दोन बोटं सैल

शिंपीमास्तरांच्या दुकानात रोज संध्याकाळी दोन पातेली चढायची. एकात मास्तरांचा चहा, दुसऱ्यात व्याह्यांची कॉफी. "लेक त्यांच्या घरी दिली, बदल्यात हे मिळाले," असं मास्तर गिऱ्हाइकांना सांगत, आणि शेजारच्या खुर्चीतले व्याही कपाआडून हसत. खरं सांगायचं तर बायको गेल्यापासून संध्याकाळ मास्तरांना खायला उठायची. ती या खुर्चीमुळे निभावून जात होती.

व्याह्यांचा जन्म गोदामात पार्सलं बांधण्यात गेलेला. आता निवृत्त होते, त्यामुळे वादाला वेळच वेळ.

"तुमच्या चहानं जेवणातलं लोह अंगी लागत नाही, मास्तर."

"जेवणावर चहा पितंय कोण? तुमच्या कॉफीनं झोप उडते त्याचं बोला."

"कॉफी यकृताला चांगली. पेपरात आलंय."

"चहा हृदयाला चांगला, हेही आलं होतं. ते पान तुम्ही बरं उलटलंत!"

मग दोघांचाही रक्तदाब जरा वर निघाला. मास्तरांची लेक दवाखान्यात नर्स. तिनं रक्तदाब मोजायचं यंत्र आणून दुकानात ठेवलं आणि वादाला आयतं कोलीत मिळालं. पैज ठरली. आठवडाभर रोज मोजायचं, ज्याचा आकडा जास्त त्यानं आपलं पेय कायमचं सोडायचं. मोजायचं एकमेकांचं, म्हणजे लबाडी नको.

मास्तरांनी व्याह्यांच्या दंडाला पट्टा लावला तो जाड स्वेटरवरूनच, वर दोन बोटं सैल ठेवून. अंगाला काचू नये म्हणून माप असंच घ्यायचं, हे त्यांच्या हातात मुरलेलं. व्याह्यांनी मात्र मास्तरांची बाही वर सारून पट्टा असा आवळला की मास्तर कळवळले.

"पार्सल आहे का मी?"

"वाटेत सुटायला नको," व्याही म्हणाले.

आठवडाभर व्याह्यांचाच आकडा वर राहिला. शेवटच्या दिवशी त्यांनी कपातला थेंब न् थेंब संपवला, "शब्द म्हणजे शब्द," म्हणाले आणि चपला घालून निघाले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. जिंकलेला चहा मास्तरांना गोड लागेना. एका शर्टाला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या आणि गिऱ्हाईक घालून बघेपर्यंत त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

शेवटी लेक कामावरून परतताना डोकावली.

"रागावलेत का गं तुझे सासरे माझ्यावर?"

"काय माहीत, बाबा. आधी डोकं धरून बसले होते, एकदम कॉफी सोडल्यावर दुखतंच. आता बरे दिसतात, पण घराबाहेर पाऊल टाकत नाहीत." तिची नजर यंत्रावर गेली. "मोजलंत तरी कसं तुम्ही?"

मास्तरांनी तिच्याच दंडावर करून दाखवलं. लेक हसत सुटली.

"अहो बाबा, मला काय कोट शिवताय? पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, नीट बसेल असा. असा कपड्यावरून आणि सैल बांधला तर आकडा उगाच वर जातो. आणि बेतानं घेतलात तर चहा काय, कॉफी काय, तुम्हाला दोन्ही चालेल. त्यात पडणारी साखर मात्र दोघांपैकी एकही जण मोजत नाही!"

मास्तरांचा चेहरा पडला. गप्प बसलं तर चहा शाबूत होता. पण शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि ती बघत चहा पिणं त्यांच्याच्यानं होईना. त्यांनी यंत्र काखोटीला मारलं आणि लेकीबरोबर तडक व्याह्यांचं घर गाठलं.

व्याह्यांनी तोंडावर रुमाल धरूनच दार उघडलं.

"चूक माझी," मास्तर उंबऱ्यातच म्हणाले. "माप सैल घेतलं मी. तुमची कॉफी फुकट गेली. काय बोलायचं ते बोला, पण दुकानात या."

व्याही मटकन खाली बसले. रुमाल बाजूला झाला आणि कॉफीचा घमघमाट सुटला.

"मी चोरून पितोय, मास्तर. हा वास घेऊन तुमच्यासमोर कोणत्या तोंडानं बसणार होतो? म्हणून आलो नाही."

मास्तर इतके हसले की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. किती दिवसांचं ओझं उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात रीतसर मोजणी झाली. लेकीनं दोघांना आधी गप्प बसवलं, ही सगळ्यात अवघड गोष्ट, आणि मग उघड्या दंडांवर पट्टा बांधला. आकडा मास्तरांचा जास्त निघाला.

मास्तरांनी आपला कप उचलला, पुसला आणि फळीवर पालथा घातला.

"शब्द म्हणजे शब्द, व्याहीबुवा."

व्याही उठले. त्यांनी तो कप सुलटा करून मास्तरांच्या पुढ्यात ठेवला आणि चहाचं पातेलं स्वतः शेगडीवर चढवलं.

"माणसाचं माप घेताना दोन बोटं सैल ठेवावं, मास्तर. तुमच्याकडूनच शिकलो."

लेकीनं साखरेचा डबा उचलून आपल्या पिशवीत टाकला.