बुधवारपासून शनिवार

तानूकाकूच्या सव्वा एकर कापसाची नोंद झाली. तिच्या स्वतःच्या फोनवरून, तिच्या स्वतःच्या बोटानं, मुदत संपायच्या तासभर आधी. फोटोसकट.

आता वरचं तुम्ही वाचलं नाही आणि मी लिहिलं नाही. नोंदबिंद अजून काही झालेली नाही. दुपारचे बारा वाजलेत, सर्वपित्री अमावस्या आहे. भुजंगकाका माळवदावर पितरांचं पान ठेवून कावळ्याची वाट बघायलाय, आणि खाली पडवीत मी काकूचा नवा फोन धरून ॲप स्टोअरची वाट बघायलोय. पैज लावायची असती तर मी कावळ्यावर लावली असती.

मामला असा. पिकाची नोंद आता शेतकऱ्यानं स्वतः करायची. त्यासाठी फोनात एक सरकारी ॲप घ्यायचं, आपल्या रानात उभं राहायचं आणि पिकाचा फोटो काढायचा. ॲप घ्यायला फोनातल्या ॲप स्टोअरमध्ये, म्हणजे ॲपच्या दुकानात जावं लागतं. काकूच्या फोनातलं दुकान असं, की पायरीवर पाय ठेवला की शटर खाली. पांढरा पडदा यायचा, त्यात एक गोल दोनदा गरगरायचा आणि पाटी यायची: ‘ॲप स्टोअर वारंवार थांबत आहे.’

मला या मराठीचा राग आहे. एसटी वारंवार थांबते, कबूल. पण थांबायच्या आधी ती चालते तरी. हे दुकान जन्मल्यापासून एकदाही चाललेलं नाही, आणि म्हणे वारंवार थांबतंय. पाटीखाली दोन बटणं होती, ‘ॲप बंद करा’ आणि ‘अभिप्राय पाठवा’. बंद तर ते पडलेलंच होतं. अभिप्राय माझ्या तोंडात तयार होता, पण समोर काकू बसली होती.

मी महारुद्र, भुजंगकाकाचा पुतण्या. परभणीला सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केलाय. आईनं त्याचं सर्टिफिकेट लॅमिनेशन करून देवाशेजारी टांगलं, तेव्हापासून आमच्या झरी गावात ज्याला म्हणून वायर आहे ते सगळं माझ्याकडं येतं. मिक्सर, फवारणीचा पंप, एकदा तर एका आजोबांचं कानातलं यंत्र. ते मी दुरुस्तही केलं होतं. चौथ्या दिवशी आजोबा परत आले, म्हणाले, पहिल्यासारखं बिघडवून दे, घरचे काय बोलतात ते ऐकू यायलंय.

“झालं का रं रुद्रा?” काकूनं विचारलं.

“व्हायलंय काकू.”

“सकाळपून व्हायलंच हाय.”

काकूची घाई समजून घ्या. हे सव्वा एकर तिला तिच्या बापाकडून आलेलं, तिच्या नावावर. बारा वर्षं ती त्यात वाकून आहे. गेल्या वर्षी नोंद सटवाजीनं करून दिली होती. सटवाजी म्हणजे धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून असलेला शेजारी. त्याच्या फोनात पिकांची यादी नीट उघडेना, म्हणून त्यानं सगळ्यात वर जे होतं ते दाबून टाकलं. सगळ्यात वर होतं ‘पडीक’. घरात आठ क्विंटल कापूस आला आणि सातबाऱ्यावर छापून आलं, की या जमिनीत गवत सोडून काही नाही. काकूनं तो उतारा घडी घालून पिशवीत ठेवलाय आणि वर्षभरात तो किती जणांना दाखवला याची गणती नाही. यंदा तिनं घरात सांगून टाकलं, दुसऱ्याच्या फोनावर माझं रान जाणार न्हाई. म्हणून काकानं बुधवारी परभणीहून हा फोन आणला. आज रविवार, मुदतीचा शेवटचा दिवस, तोही संध्याकाळी सहापर्यंतच.

माझा फोन का नाही? तर माझ्या फोनला ते ॲप म्हणतं, हा फोन जुना आहे. चार वर्षांचा फोन! काकाचा बैल तेरा वर्षांचा आहे, त्याला रानानं कधी असा टोमणा मारला नाही.

तर मी सकाळपासून जे जे करायचं ते केलं. फोन बंद करून चालू केला. आपल्याकडचं अर्धं शास्त्र इथंच संपतं. मग जागा मोकळी करायला गेलो. नव्या फोनात जागा कशानं भरली असणार? चार फोटो होते, त्यातले तीन काकाच्या अंगठ्याचे. तेही काढले. मग सिम काढून, फुंकून परत घातलं. हे कोर्समध्ये शिकवत नाहीत, हे रक्तातच असतं. शेवटी डबीवरच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. वीस मिनिटं बासरी ऐकवून एक बाई आल्या.

“सर, आपण ॲप स्टोअर अपडेट करून घ्या.”

“कुठून करू?”

“ॲप स्टोअर उघडून, सर.”

“ते उघडंना म्हणून तर तुमाला फोन केलाय.”

“बरोबर आहे, सर. त्यासाठी आधी ते अपडेट करावं लागेल.”

मी म्हणालो, मॅडम, हे विहिरीत पडलेल्या माणसाला ‘वर येऊन दोर घेऊन जा’ म्हणल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, “धन्यवाद सर, आणखी काही मदत करू शकते का?” आणखी हा शब्द मी बराच वेळ चघळत बसलो.

तेवढ्यात सटवाजी आला. कुणाचं काही बिघडलं की सटवाजीला वास येतो.

“व्हायरस हाय,” फोनला हात न लावताच तो म्हणाला.

“चार दिवसांच्या फोनात?”

“नव्यातच शिरतंय ते. जुन्यात काय खायला ऱ्हातंय? आण हिकडं, समदं पुसून टाकतो.”

“सटवाजी भाऊ,” काकू म्हणाली, “तुमी हात मागं घेऊन बसा. तुमचं एक बोट मला वर्षभर पुरलंय.”

“वहिनी, गेल्या सालचं अजून काढायल्या का तुमी?”

“म्या कशाला काढू? सातबारा काढायलाय.”

सटवाजी हात मागं घेऊन बसला. गेला मात्र नाही. दुसऱ्याचा बिघाड अर्धवट सोडून जाणं त्याच्या तत्त्वात बसत नाही.

अडीच वाजले. वर काका ‘काव काव’ करून घसा बसवून घेत होता, खाली गोल गरगरत होता. काकू माझ्या हातातल्या फोनावर वाकली. मग हळूच म्हणाली, “रुद्रा, एक इचारू का? हसू नको पण.”

“इचारा की.”

“नव्या फोनात कायम शनिवारच असतो का?”

“म्हंजे?”

“आणला बुधवारी, तवा ह्यात शनिवार. गुरुवारी बघितलं, शनिवार. काल होता, मला बरं वाटलं, आता जुळलं. तर आज परत शनिवारच. म्या शनिवार धरते म्हणून ध्यानात ऱ्हायलं. बुधवारी तर उपाशीबी ऱ्हायले, म्हणलं चूक नको व्हायला.”

मी बघितलं. घड्याळ अगदी बरोबर होतं आणि सकाळपासून मी घड्याळच बघत होतो. त्याच्या खाली बारीक अक्षरांत शनिवार, १२ ऑक्टोबर. सेटिंगमध्ये जाऊन साल बघितलं तर गेल्या वर्षीचं. म्हणजे गेल्या वर्षीचा दसरा. दुकानाच्या बाजूनं विचार केला तर त्याचंही खरं होतं. गिऱ्हाईक गेल्या सालातून आलंय म्हणल्यावर कोण दार उघडणार? कोर्समध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं होतं म्हणे, काही चालेना की आधी तारीख बघा. पहिल्या दिवशी मी गैरहजर होतो.

“काका!” मी वर हाक मारली. “फोनची तारीख कुणी बदलली?”

काव काव थांबलं.

“कोणती तारीख?” वरून आवाज आला. निर्दोष माणूस असं विचारत नाही.

काका शिडीवरून खाली आला, शांतपणे खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं आणि आम्हा तिघांकडं असं बघितलं, की जणू तक्रार त्यालाच आहे.

“पितरपाठात कुणी नवी वस्तू घरात आणतंय का?” तो म्हणाला.

“तुमी आणली की!” काकू म्हणाली.

“म्या पितरपाठात न्हाई आणली. दसऱ्याला आणली. फोन बघ की, फोनातच हाय. दुकानातच दसरा लावून मग खोका घरात घेतला.”

“आणि रोज दसराच कसा?” मी विचारलं.

“रोज आंघोळ करून लावतो. न्हाईतर एकादशी लागंल, द्वादशी लागंल, मुहूर्त पुढं सरकंल. जबाबदारी असती ती.”

“लावायचाच होता तर यंदाचा तरी लावायचा. अकरा दिवसांवर आलाय.”

काकानं माझ्या अकलेची कीव केली. “येणाऱ्याचा काय भरवसा, बाबा? मागचा कसा, झालेला हाय. समद्या गावानं बघितलेला.”

सटवाजीनं मान डोलावली. त्याला पटलं होतं. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही पटलं होतं.

“काका, तारीख बदलल्याबिगर दुकान उघडायचं न्हाई.”

“मग त्या दुकानवाल्याला फोन लाव, म्हणावं तुमीच तिकडं दसरा लावा. एका दिवसाचा तर सवाल हाय.”

“ते जगभर चालतंय, काका.”

“मग जगाचं भलंच व्हईल की!” मग तो काकूकडं वळला. “हे बघ, आज तारीख फिरवली की हा फोन अमावस्येचा झाला. अमावस्येची वस्तू घराला धार्जिणी न्हाई. सटवाजीच्या मेव्हण्यानं अमावस्येला कूलर चालू केला, दुसऱ्या दिवशी पाऊस.”

“उन्हाळ्यात,” सटवाजीनं साक्ष दिली. “गारा सुद्धा.”

काकूनं माझ्या हातातून फोन घेतला.

“तुमाला एक सांगू का?” ती काकाला म्हणाली. “म्या अमावस्येची हाय.”

“आं?”

“जन्म माझा अमावस्येचा. तुमच्या घरची लोकं बघायला यायची होती, तर बापानं पत्रिकेवर दसरा लिहून दिला. तुमच्यासारखंच डोकं होतं त्याचं. तीस वर्षं झाली, तुमी अमावस्या घरात घेऊन बसलाय. काय बुडलं? बैल मेला? हीर आटली?”

काका हिशेब करायला लागला. त्याच्या चेहऱ्यावरून तीस वर्षांतली एकेक भानगड सरकताना दिसत होती आणि प्रत्येकीचं कारण आता त्याला सापडत होतं. तो तोंड उघडणार, एवढ्यात काकू म्हणाली, “रुद्रा, कुठं दाबू?”

मी दाखवलं. आपोआप तारीख. तिनं दाबलं. बुधवारपासून चाललेला शनिवार एका टिचकीत रविवार झाला. मग तिनंच दुकान उघडलं. गोल गरगरला, थांबला, आणि दुकान एखाद्या शहाण्या माणसासारखं उघडलं. आत आल्यावर माफी नाही, ओशाळलेपण नाही, उलट पहिल्याच पानावर रम्मी खेळा म्हणून आमंत्रण.

ॲप उतरलं. आम्ही चौघं रानात गेलो. कावळा आला का नाही हे बघायला कुणी मागं थांबलं नाही. काकू आपल्या कापसात मधोमध उभी राहिली, कमरेइतक्या पिकात, आणि फोननं सांगितलं, ‘आपण आपल्या शेतापासून १८ मीटर दूर आहात.’

“तू हाईस दूर!” काकू फोनला म्हणाली.

फोनाशी वाद घालून उपयोग नव्हता. सरकत सरकत ती सटवाजीच्या रानात गेली, तिथं त्याच्या तुरीत पाय रोवल्यावर फोनची खात्री पटली, की आता ही बाई स्वतःच्या जमिनीत उभी आहे. तिथून हात लांब करून तिनं आपल्या कापसाचा फोटो काढला. यादी उघडली. वर पहिलं नाव ‘पडीक’. ते ओलांडून तिनं बोट खाली, आणखी खाली नेलं, ओठ हलवत एकेक अक्षर वाचत, आणि ‘कापूस’ दाबलं. पाच वाजले होते. हिरवी खूण आली. काकू हसली नाही. खुणेखाली मागच्या हंगामाची ओळ होती, ती वाचत होती. मागील पीक: पडीक.

“हे कुठून खोडायचं?”

“हे न्हाई खोडता येत काकू. झालं गेलं ते.”

“तुझे काका मागचा दसरा आज आणतेत, आन मला मागचा कापूस आणता येत न्हाई व्हय?”

मी तरी एकदा सगळीकडं दाबून बघितलं, खोडायचं बटणच नव्हतं.

“वही हाय का?” ती म्हणाली. “अर्ज लिव्ह. म्या सांगते, तू तुमच्या कागदाच्या भाषेत घाल.”

काका म्हणाला, अर्जावर तरी चांगली तारीख टाका. काकू म्हणाली, आजचीच टाक. तिथंच धुऱ्यावर बसून लिहिला तो अर्ज असा:

प्रति,
मा. सक्षम अधिकारी

दिनांक: रविवार, सर्वपित्री अमावस्या

विषय: पडीक जमिनीत सापडलेल्या कापसाचा पंचनामा होणेबाबत.

महोदय,

अर्जदार तानूबाई भ्रतार भुजंग, राहणार झरी, विनंती करते की, अर्जदाराची सव्वा एकर जमीन मागील वर्षी पडीक होती, असे अभिलेखात नमूद आहे. अभिलेख खोटा असू शकत नाही, हे अर्जदारास मान्य आहे. तथापि त्याच वर्षी सदर पडीक जमिनीतून आठ क्विंटल कापूस अर्जदाराच्या घरात शिरला. तो कुणी पेरला, कुणी खुरपला व कुणी वेचला, याचा शोध घ्यावा. त्या काळात अर्जदार सदर जमिनीत रोज सकाळी जाऊन काय करत होती, हे तिला लेखी कळवावे. आणि यंदाची वेचणी सुरू होताच आपण समक्ष येऊन, कमरेला ओटी बांधून, जमीन पडीक नाही याची खात्री पटेपर्यंत कापूस वेचावा, व खात्री पटण्यास उशीर होत असल्यास दुसऱ्या दिवशीही यावे, ही नम्र विनंती.