परवान्याचे पंधरा तास

"मातीचा दाब जास्त कुठे, भिंतीच्या पायथ्याशी की माथ्याशी?" लोर्नाने संगणकावरचा प्रश्न मोठ्याने वाचला.

वेंडेल खिडकीपाशी सफरचंदाच्या फोडी खात बसला होता. "पायथ्याशी," तो म्हणाला. मग तिच्याकडे बघून हसला. "तुम्ही नव्या का इथे?"

लोर्नाने उत्तरावर टिचकी मारली. उत्तर बरोबर निघालं.

तिने जन्मभर लोकांचे केस कापले होते. पण वेंडेलच्या डोक्यातलं एकेक पुसलं जायला लागल्यापासून नवऱ्याच्या नावाचे हे वर्ग तीच पुरे करत होती. ओहायोत इंजिनीअरला परवाना टिकवायचा तर वर्षाला पंधरा तास शिकावंच लागतं. परवाना टिकला तर वेंडेलची नोकरी निदान कागदावर टिकणार, आणि नोकरी असेतो त्याच्या उपचारांचा विमा. वेंडेलने अजून साठीही गाठली नव्हती.

मालक कर्टिसला हे सगळं ठाऊक होतं. त्याच्या कंपनीत परवाना असलेला दुसरा इंजिनीअरच नव्हता, आणि परवानाधारकाच्या शिक्क्याशिवाय नकाशे मंजूर होत नसत. तो स्वतः परीक्षेत दोनदा आपटला होता.

दुपारी तो नकाशांची गुंडाळी आणि डोनटचा खोका घेऊन आला.

"काय सर, ओळखलंत का?"

"नाही बुवा."

"छान! म्हणजे पगारवाढ मागणार नाही." कर्टिस एकटाच हसला.

नकाशे एका शाळेच्या व्यायामशाळेच्या छताचे होते. कर्टिसने नकाशा टेबलावर पसरला आणि शिक्का वेंडेलच्या हातात दिला. वेंडेलचं बोट एका तुळईवरून फिरलं, थांबलं, पुन्हा मागे आलं. त्याची पाठ ताठ झाली.

"याची गणितं कुठायत?"

"झालीत सगळी, सर. पोरांनी केलीत."

"मी तपासलेली नाहीत. न तपासता मी शिक्का मारत नाही." त्याने मान वळवली. "लोर्ना, सांग ना याला."

ख्रिसमसपासून त्याच्या तोंडून तिचं नाव आलं नव्हतं.

कर्टिसही तिच्याकडे वळला. आवाज गोडच होता. "बघा बाई, तुमचं तुम्ही. मला काय, दुसरा माणूस मिळेल. विम्याचं मात्र मग तुम्हालाच बघावं लागेल."

लोर्नाने टेबलाची कड धरली.

"अरे वेंडेल, सकाळीच तपासलीस की. नाश्ता झाल्यावर, इथेच बसून."

"मी?"

"हो, तूच. विसरलास."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग नकाशावर वाकून स्वतःचं अक्षर कुठे दिसतंय का ते शोधू लागला. ताठ झालेली पाठ हळूहळू सैल पडली.

"तपासली असतील," तो ओशाळून म्हणाला. "हल्ली डोक्यात काही राहत नाही. माफ करा हं, उगीच खोळंबा केला तुमचा."

हे तो लोर्नाला म्हणाला.

त्याने सही केली. शिक्का दोन्ही हातांनी धरून दाबला. ठसा सरळ, ठळक उठला. मग शाई वाळेपर्यंत तो त्यावर हलकेच फुंकर घालत बसला.