आबांनी मागितलेली जागा

हे लिहायचंच नव्हतं. टायपाच्या मशीनला कागद लावला, काढला, परत लावला. आई म्हणते, गेलेल्या माणसाचं असं उघड्यावर मांडू नये. पण परवा भोरच्या बाजारात गावचा जुना सोबती कोंडिबा भेटला. म्हणाला, लिही, न्हाईतर तुझ्या डोक्यातनं जायचं न्हाई.

वेल्ह्याच्या डोंगरात आमचं गाव. पानशेतला धरण बांधायला लागले आणि गाव पाण्यात जाणार हे ठरलं. गावात ख्रिस्ती घर आमचं एकटंच. बाकीच्यांनी आपापले देव पाटीत घातले. कोंडिबाच्या घरी तर पूर्वजांचे टाक, चांदीच्या पत्र्यावर कोरलेले. तेही फडक्यात गुंडाळून निघाले. सगळ्यांचे बाप बरोबर चालले. माझाच तेवढा मातीत राहणार.

माझे आबा, रखमाजी, गाव उठायच्या आधीच्या माघात गेले. जाताना एकच धरून बसले होते. "मला खाली, नदीच्या बांधाला पुरा. वर माळावर नेऊ नका." पाणी कुठवर येणार त्याचे दगड तेव्हाच रोवले होते, आणि बांध त्याच्या पार खाली. मला वाटलं, तापात बडबडतायत. आईनं मात्र ऐकलं. तिथंच पुरलं.

मग हाक यायला लागली. भर दुपारी. "शमू." माझं नाव, एवढंच. भात झोडताना, गोठ्यात, कधी अगदी पाठीमागं. आवाज आबांचाच, आधी खाकरून मारलेला. वळावं तर कुणी न्हाई. नुसता उकरलेल्या मातीचा वास.

कोंडिबाला सांगितलं. तो म्हणाला,

"आबा म्हणत्यात, मलाबी न्या. पाण्यात गुदमरत्याल त्ये."

"आमच्यात असलं मानत न्हाईत रं."

"मग भितोस कशाला? तुमच्यात हाकाबी मारत नसत्याल."

मी आईला म्हणालो, आबांची हाडं काढू, आपण जाणार त्या उत्रोलीला, मामाच्या गावी नेऊन पुरू. आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"कबरीला हात लावलास तर मी उत्रोलीला येत न्हाई. हितंच बसंन. येऊ दे पाणी."

तरी गेलो. आई शेजारच्या सगुणाबाईची भांडी बांधायला गेलेली बघून गेलो. कोंडिबा खोरं घेऊन आला. दगड बाजूला केले, हातभर माती काढली.

"शमू."

माझ्या हातनं टिकाव सुटला. कोंडिबाचं तोंड पांढरं पडलं. त्यानंही ऐकलं होतं. वळलो तर बांधावर आई.

"तू हाक मारलीस?"

"म्या न्हाई मारली," आई म्हणाली. "मीबी आयकली. रोज आयकते."

"मग ओ देत न्हाईस?"

"कशाला? त्यांना सांगायचं ते त्यांनी जितेपणी सांगितलं. तेवढं आयकलं तरी लई झालं." ती खड्ड्याच्या कडेला बसली. "बांधाला पुरा का म्हणाले, ठावं हाय? ताप चढायच्या आदीच मला म्हणाले. माळावर पुरलं तर शमू कबर राखत बसंल. तूबी बसशील. पाण्याखाली ठिवा, म्हंजे जाल."

आबांनी मला पुरतं ओळखलं होतं. त्यांनी मुद्दाम बुडणारी जागा मागून घेतली होती. माझ्यासाठी.

"पण आये, शेवटच्या दिवशी कबरीतनं उठायचं कसं त्यांनी? एवढ्या पाण्यातनं?"

"मातीतनं उठवणाऱ्याला पाणी जड हाय व्हय?"

कोंडिबानं घाम पुसला. "काकी, तुमच्या देवाला पवता येतंय म्हणा."

"गप. माती लोट."

माती लोटली. आईनं वरनं हातानं दाबली, लेकराला थोपटावं तशी. तेवढ्या वेळात हाक आली न्हाई. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

उत्रोलीला निघालो त्या दिवशी आई गाडीत पुढं बसली. मागं बघितलं न्हाई. कोंडिबाची माणसं शेरडं घेऊन वरच्या वाडीत राहणार होती. तो खिंडीपर्यंत आला आणि बैलाचा कासरा धरून उभा राहिला.

"शमू, पाणी चढल्यावर हाक आली तर? तू येशील. आन उतरशील पाण्यात. मी वळखतो तुला."

तो खरं बोलत होता.

"सांग. न्हाईतर गाडी सोडत न्हाई."

तेव्हा मी त्याला शब्द दिला. "हाक आली तर आदी आईला सांगीन. ती म्हणंल तसंच करीन. आणि ती नसंल तवा तुला सांगीन. पाण्याकडं एकटा येणार न्हाई, कोंडिबा."