बोया ओढून नेणारं कासव

हे कुणाला पटायचं नाही. मी स्वतः तिथं नसतो तर मलाही पटलं नसतं. कुंपण शेत खातं हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे, पण आमच्या समुद्राचं कुंपण चालायला लागलं होतं.

सरकारनं निम्मा समुद्र माशांसाठी राखून ठेवला आणि हद्दीवर खुणेचे तांबडे, तरंगते बोये सोडले. आतले मासे जावयासारखे फुगले. बोयापर्यंत यायचे, त्याला पाठ घासायचे आणि आमच्या होड्यांना शेपूट दाखवून माघारी वळायचे. बाहेर आमच्या वाट्याला शेवाळ.

अशात रखवालदारानं माझ्या वहिनीचं जाळं उचललं. भाऊ गेल्यापासून तिची चूल त्या एका जाळ्यावर. मी डावखुरा, माझी गाठ उलटी पडते, म्हणून ती मला त्याला हातही लावू देत नसे. रखवालदार म्हणे, जाळं राखीव पाण्यात होतं. वहिनी म्हणे, मी बोयाच्या अलीकडंच टाकलं. दोघंही खरं बोलत होती, कारण बोयाच आत सरकला होता. रखवालदारानं तो बोया दोर नि बुडाच्या धोंड्यासकट चौकीच्या अंगणात आणून टाकला होता.

मी वहिनीला घेऊन चौकीत गेलो. म्हटलं, साहेब, हे कासवाचं काम. होडीएवढं कासव, पाठीवर शिंपल्यांची वस्ती. बोया वाटेत आडवा येत होता, तर त्यानं दोर तोंडात धरला आणि धोंड्यासकट ओढत खोल पाण्यात नेला. जाताना माझ्याकडं असं बघितलं, जसं अतिक्रमण मीच केलंय.

रखवालदाराला वरून सारखी विचारणा, कासव दिसलं का? बिचाऱ्याला आजवर कासवाची पाठ दिसली नव्हती.

"होडीएवढं?" त्यानं विचारलं.

"लहान होडीएवढं," मी म्हटलं. माणसानं प्रमाण सोडू नये.

त्यानं लगेच वरच्या साहेबाला फोन लावला. फोनमध्ये कासवं दोन झाली, आणि दोन्ही त्यानंच पाहिलेली निघाली. मग बोया सरकण्यात बाईमाणसाचा काय दोष, असं म्हणत त्यानं आपल्या हातानं जाळं परत दिलं.

वहिनीनं ते झटकलं, कुठं फाटलंय का पाहिलं, खांद्यावर टाकलं. अंगणात बोयापाशी ती थबकली. खोल पाण्यात कमी पडू नये म्हणून दोराला नवा तुकडा जोडलेला होता. वाकून तिनं जोडाची गाठ अंगठ्यानं चाचपली.

"भावजी," ती चौकीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमचं कासवही डावखुरंच आहे वाटतं."