बालवाडीची सतरंजी

मित्रांनो, माझ्या अंगावर एके काळी निळे-पांढरे पट्टे होते, असं सांगितलं तर आज तुमचा विश्वास बसणार नाही. मी एक जुनी सतरंजी. माझा निळा रंग आता राखेसारखा झाला आहे, आणि पांढरा नेमका कुठे होता ते मलाही आठवत नाही.

सांगलीतल्या एका हातमागावर मी विणली गेले. १९७४ साली गुणमालाबाईंनी मला विकत घेतलं. हळदीच्या व्यापाऱ्याची ही लेक लग्न होऊन पलूसजवळच्या एका गावात आली होती. तिथे नवी बालवाडी निघाली आणि बावीस वर्षांच्या गुणमालाबाई तिच्या बाई झाल्या. त्यांनी मला चावडीशेजारच्या खोलीत अंथरलं.

पहिल्या दिवशी माझ्यावर सात मुलं बसली. सातही रडत होती. त्यांना घरोघरून गोळा करून आणणाऱ्या बनुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बाई, ही कसली शाळा? ह्यो तर दुखवटा झाला!"

गुणमालाबाईंनी पदर खोचला, गुडघे टेकले आणि त्या माझ्यावर रांगत म्हैस झाल्या. अगदी गोठ्यातल्या म्हशीसारख्या रेकल्या. एक मूल रडता रडता थांबलं. दुसऱ्याने हात पुढे करून खोटं खोटं गवत धरलं. दुपारपर्यंत म्हशीला पाणी पाजायला सातही जणांची रांग लागली होती.

मग रोज काही ना काही चाललेलं असे. माझ्यावर खाऊची सुकडी सांडे, चिंचोके हरवत, आणि आठवड्यातून दोनदा तरी कुणीतरी मला ओलं करी. बनुबाई मला ओढ्यावर नेऊन धुवायच्या आणि हसत म्हणायच्या, "घे बाई, परत न्हाऊन घे."

त्या मुलांत कृष्णात होता, सरपंच नानासोंचा चार वर्षांचा नातू. आजोबांच्या वहाणा वाजल्या की तो दाराआड जाई. घरात कुणी त्याचा शब्द ऐकला नव्हता. "पोरगं मुकंच निघालं," असं सगळे धरून चालले होते. बालवाडीतही तीन महिने तो माझ्या कडेला बसून माझे दोरे उपसत राहिला. बाईंनी त्याला कधी "बोल" म्हटलं नाही. त्या फक्त रोज त्याच्या शेजारी जागा धरून बसत. एक दिवस मुलं एसटी-एसटी खेळू लागली आणि बाईंनी विचारलं, "गाडी कोण हाकणार?" कृष्णात उठला. सुकडीच्या डब्याचं झाकण दोन्ही हातांत धरून सगळ्यांच्या पुढे जाऊन बसला आणि एवढ्या मोठ्यानं "भॉऽऽ" केलं, की बनुबाई दचकल्या.

पण गावात कुरबूर सुरू झाली होती. बाई नुसती पोरं खेळवतात, शिकवत काही नाहीत. पुढच्या वर्षी गावच्या शेतकी सोसायटीच्या खताला जागा कमी पडली, तेव्हा ठरलं की ही खोली रिकामी करायची. निरोप घेऊन नानासो स्वतः आले. तेव्हा नेमकी आमची गाडी भरून निघाली होती.

"बाई, उद्यापास्नं हितं खताची पोती येणार. पोरास्नी घरी लावून द्या," ते दारातूनच म्हणाले.

गुणमालाबाईंचा चेहरा उतरला. त्या काही बोलणार, तोवर आमची कंडक्टर शालू कमरेवर हात ठेवून पुढे झाली. "आवं आजा, वहाणा काढा! गाडीत हुबं ऱ्हायाचं न्हाई. बसा खाली."

नानासोंना गावात असं कुणी बोललं नव्हतं. गोंधळून त्यांनी वहाणा काढल्या आणि ते माझ्यावर मांडी घालून बसले. सरपंचाचं वजन मला तेव्हा पहिल्यांदाच कळलं.

समोरून ड्रायव्हर ओरडला, "सांगली! सांगलीवाले चला! धरून बसा, पूल आला!"

नानासोंनी चमकून पाहिलं. झाकण फिरवत, गाल फुगवून ओरडणारा तो कृष्णात होता. आजोबांना बघूनही तो गप्प झाला नाही. उलट म्हणाला, "आजा, वाकून बसू नगंस. नदी बघ की! लय पानी हाय."

"ह्यो... आमचा किसना?" नानासो बाईंकडे वळले. "बाई, ह्यो बोलतोय व्हय?"

"रोज बोलतो," बाई हळूच म्हणाल्या. "इथं त्याला कुणी गप म्हणत नाही, नानासो."

नानासो गाडी सांगलीला पोचेपर्यंत उठले नाहीत. उतरताना एवढंच म्हणाले, "पोती माझ्या गोठ्यात ठिवतो."

बालवाडी राहिली. १९७९ साली गुणमालाबाईंच्या यजमानांची बदली साताऱ्याला झाली. शेवटच्या दिवशी सगळी मुलं घरी गेल्यावर त्या एकट्याच बराच वेळ माझ्यावर बसून होत्या. जाताना त्यांनी मला झाडलं नाही. मुलांच्या पायांची धूळ तशीच राहू दिली.

पुढे नवी इमारत झाली, छोट्या खुर्च्या आल्या आणि मला गुंडाळून माळ्यावर टाकलं. एका टोकाला उंदरांनी कुरतडलंय. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते इतक्या वर्षांत अंगावर एकही लहान पाऊल न पडल्याचं.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी असेल. तिला उन्हात टाका, फाटलं असेल तिथे दोन टाके घाला. मग जपून ठेवू नका, अंथरा. घडीतल्या सतरंजीवर कुणी खेळत नाही.