अर्धा ग्लेनिसकडे, अर्धा मर्नाकडे

११ ऑगस्ट. आभाळ निरभ्र. आग्नेयेचा वारा सकाळपासून एकसारखा, माडांच्या झावळ्या वाजत राहतील इतका. ऊन कडक, सावलीत बरं.

त्या दिवशी दुपारी ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडल्या हॅलोरन बे या समुद्रकाठच्या गावातल्या प्रवासी तळावर ती आली. पांढरी, लांबलचक, पोटावर निळा पट्टा. तिला दार होतं आणि दाराला पायऱ्या होत्या. ती आमच्या शेजारच्याच जागेत मुक्कामाला येणार होती.

मी तंबू बोलतोय. खरं म्हणजे तंबूचं कापड बोलतंय. माझे दांडे आणि खुंट्या फारसं बोलत नाहीत, आणि बोलले असते तरी आमचं पटलं नसतं. का, ते सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ज्या बाईने मला शिवलं तिला त्या आठवड्यात सर्दी होती. माझी मागची शिवण एका जागी जराशी वाकडी आहे, ती तिच्या शिंकेची खूण. तिथून मी दक्षिणेकडच्या थंड टास्मानियातल्या लॉन्सेस्टनच्या एका दुकानात आलो. बाहेर बर्फाळ पाऊस पडत असताना दोन मुली आत शिरल्या आणि सरळ माझ्यात येऊन आडव्या झाल्या. दुकानदार बघतच राहिला. एक ग्लेनिस, इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करणारी. दुसरी मर्ना, तेव्हा बस चालवायला शिकत होती.

"पाय पुरतात की गं," मर्ना म्हणाली.

"तुझे पुरतात. माझे बाहेर जातील."

"मग तुला मोजे जास्त लागतील. घेऊया."

दोघींनी मला मिळून घेतलं. मग प्रश्न आला, राहायचं कुणाकडे? प्रवासात पाठीवरचं ओझं वाटून घेतात तसं त्यांनी मलाही वाटून घेतलं. कापड ग्लेनिसकडे, दांडे आणि खुंट्या मर्नाकडे. चालतानाही तसंच आणि घरीही तसंच. त्या दिवसापासून मी दोन घरांत राहतो.

ग्लेनिसने माझी आबाळ कधीच केली नाही. वाळू झटकून, उन्हात वाळवून, घडीवर घडी बसवून ती मला चादरींच्या कपाटात ठेवायची. पण त्या कपाटात वर्षभर डांबराच्या गोळ्यांखेरीज बोलायला कुणी नाही. आणि दांडे? ते मर्नाच्या गॅरेजात, रेडिओशेजारी. मर्ना मोठ्याने हसते, चुकीच्या सुरात गाते, दुरुस्ती करताना हातोड्याशीही बोलते. ते सगळं त्यांना रोज ऐकायला मिळायचं. प्रवासाच्या पहिल्या दिवशी ते माझ्या बाह्यांतून सरकायचे तेव्हा त्यांच्या अंगाला तिच्या घरचा वास यायचा, आणि मला त्यांचा राग यायचा. ते आत आले की मी उभा राहायचो आणि माझा राग तेवढ्यापुरता ओसरायचा.

असे कितीतरी हिवाळे गेले. थंडी वाढली की दोघी उत्तरेकडे, उबेकडे निघायच्या. मर्नाचं लग्न झालं तेव्हा तीन हिवाळे मी कपाटातच होतो. ज्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, त्याच्यावर मी घडीतल्या घडीत जळत राहिलो. मग तो पर्थला दुसऱ्या कुणाकडे राहायला गेला, आणि चौथ्या हिवाळ्यात मर्ना माझ्यात बसून आठवडाभर रडली. ग्लेनिस तिला चहा आणून द्यायची.

आता दोघी साठीला टेकल्या आहेत. तरीही पाठीवर पिशव्या, पायात बूट, आणि सगळा प्रवास बसने. हॅलोरन बेला लोक त्यांना पाहून हसतात, पण वाईट मनाने नाही. त्या गावात वाईट मनाने काहीच होत नाही, कारण त्याला कष्ट पडतात. भरती चांगली असली की दुकानदार दार लोटून मासे धरायला जातो. गिऱ्हाईक पायरीवर बसून वाट पाहतं. दारूच्या दुकानातही लोक अनवाणीच येतात. तळाची देखभाल करणारा ट्रेव्ह रोज सांगतो की नळ उद्या दुरुस्त करतो, आणि रोज तो खरंच करणार असतो. मगरींपासून सावध करणारी पाटी आहे म्हणून पोहण्यासाठी समुद्रात बांधलेल्या जाळीबाहेर कुणी पोहत नाही. बाकी कशाचीच घाई नाही.

फक्त मर्नाचे गुडघे. सकाळी माझ्यातून बाहेर पडायचं तर ती आधी चार पायांवर यायची.

"ए ग्लेन, हात दे गं. अर्धी मी बाहेर आलेय, उरलेली अर्धी दुपारपर्यंत येईल."

ग्लेनिस हात द्यायची आणि दोघी हसायच्या. मलाही हसू यायचं. त्यात दुखणं किती आणि गंमत किती, हे मला आणि ग्लेनिसला, दोघांनाही कळलं नाही.

तर ती पांढरी आली. तिला ओढणारी गाडी चालवत होती लॉर्ना नावाची बाई. नवरा गेल्यावर त्याची कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन एकटीच निघालेली. मागे घेताना कॅरव्हॅन नळ आणि पपईचं झाड यांच्यामध्ये तिरकी अडकली. तळावरचे सगळे पुरुष घडीच्या खुर्च्या वळवून बसले. असं काही घडलं की खुर्च्या वळवायच्याच, ही इथली रीत.

"डावीकडे घ्या हो बाई!"

"छे, डावीकडे काय? उजवीकडे!"

"सरळ करा आधी, सरळ!"

मर्ना कांदा चिरत होती. तिने हात चड्डीला पुसले आणि गाडीच्या खिडकीशी गेली. "उतरा. मी शाळेची बस चालवायचे. मागे चाळीस पोरं बोंबलत असताना उलटी घेतलीये. हे काका लोक त्यापुढे काहीच नाहीत."

एका दमात तिने ती पांढरी जागेवर नेऊन लावली. पुरुषांनी खुर्च्या पुन्हा समुद्राकडे वळवल्या. लॉर्नाने मर्नाचे दोन्ही हात धरले. त्याच क्षणी मला ती बाई आवडेनाशी झाली.

संध्याकाळी मर्ना "पाच मिनिटांत येते" म्हणून चहाला गेली. बटाटे उकडून गार झाले तरी आली नाही. दुसऱ्या दिवशी लॉर्नाच्या फ्रिजमधलं गार पाणी. तिसऱ्या दिवशी दुपारची झोपही तिकडेच. "अगं, खरी गादी आहे. उठताना पाय खाली सोडले की झालं, उठलेच!" हे ती ग्लेनिसला इतक्या आनंदाने सांगत होती की ग्लेनिस "हो का" एवढंच म्हणू शकली.

त्या दुपारी ग्लेनिस माझ्यात एकटी पडून पुस्तक वाचत होती. पान उलटत नव्हतं. शेजारून मर्नाचं हसणं येत होतं, आणि ते माझ्या भिंतींवर नाही, त्या पत्र्याच्या भिंतींवर आपटत होतं. मी माझी ठिगळं मोजली. रंग उडालेली पाठ, अडखळणारी चेन. त्या पांढरीच्या छताला एक खिडकी होती, ती बटण दाबलं की उघडायची. मी कशाच्या जोरावर भांडणार होतो?

१४ तारखेला ट्रेव्हने दोघींना एक मासा आणून दिला. सार्वजनिक शेगडीच्या तव्यावर तो टाकून मर्ना म्हणाली, "लॉर्ना ब्रूमला चाललीये, पार पश्चिम किनाऱ्याला. देशाचा सगळा वरचा भाग ओलांडून. गाडी चालवायला सोबत हवीये तिला."

ग्लेनिसने लिंबू कापलं. "किती दिवस?"

"महिने म्हण."

"आणि आपली परतीची बस?"

"तुझं तिकीट आहेच की तुझ्याकडे."

"म्हणजे ठरवूनच आलीस विचारायला."

"विचारत नाहीये ग्लेन. सांगतेय."

मासा तव्याला लागायला लागला. कुणीच उलटला नाही.

"तुलाही जागा आहे, लॉर्ना म्हणाली."

"मला कुणाच्या घरात पाहुणी म्हणून झोपायचं नाही."

"माझे गुडघे..."

"गुडघ्यांना मध्ये आणू नकोस. गुडघे गेल्या वर्षीही होतेच."

"होते. गेल्या वर्षी बोलले नाही तुला. त्याच्या आदल्या वर्षीही नाही." मर्नाने उलथनं खाली ठेवलं. "तुला वाटतं मी गंमत म्हणून रांगत बाहेर येते?"

एक कूकाबुरा पक्षी झपकन खाली आला आणि माशाचा तुकडा घेऊन गेला. एरवी दोघी ओरडत त्याच्यामागे धावल्या असत्या.

१५ तारखेला सकाळी त्यांनी मला उतरवलं. "तू चाललीस तर मी कशाला राहू," एवढंच ग्लेनिस म्हणाली. हात ठरल्यासारखे चालले. मर्नाने दांडे ओढून काढले, घडी घातली, खुंट्यांची माती झटकली. ग्लेनिसने माझी घडी घातली. दोघींनी आपापल्या पिशव्या भरल्या आणि उचलल्या. पांढरी कॅरव्हॅन खडीवरून वळली. मर्नाने खिडकीतून हात हलवला. ग्लेनिसने बुटाची नाडी बांधली, जी सुटलेली नव्हती.

बसथांबा म्हणजे दुकानाची पायरी.

"बस आज नाही," दुकानदार म्हणाला. "चाक की काय ते गेलंय. उद्या. बहुतेक."

ग्लेनिस तळावर परत आली, त्याच जागेवर. माझी घडी उलगडली आणि सवयीने उजवा हात बाजूला केला, दांडे घ्यायला. तो हात तसाच राहिला.

मग तिने पिशवी उपसली. जागाही पायाने चाचपली. मला आधीच कळलं होतं. इतक्या वर्षांच्या हातांनी दांडे मर्नाच्या पिशवीत गेले होते आणि दोघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नव्हतं. माझी हाडं त्या पांढरीच्या पोटात ब्रूमला निघाली होती. आणि मर्नाही. त्यांना रेडिओ मिळाला, गॅरेज मिळालं, आता हेही त्यांनाच. मी जमिनीवर पसरलो होतो आणि माझ्यावर मुंग्या चढत होत्या.

ग्लेनिसने ट्रेव्हकडून दोरी आणली आणि मला कागदासारखी साल सुटणाऱ्या दोन झाडांमध्ये बांधलं. मी मधूनच लोंबत होतो.

"चादर वाळत घातली का हो बाई?" खुर्चीतल्या एका काकांनी विचारलं.

"हो," ग्लेनिस म्हणाली. "तुम्हीही बसा वाळत."

ती माझ्याखाली बसली. वाऱ्याने मी तिच्या तोंडावर येत होतो, ती मला बाजूला करत होती. दुपार उतरली. तिने काही खाल्लं नाही.

उन्हं कलली तेव्हा खडी वाजली. पांढरी कॅरव्हॅन एका दमात मागे घेतली गेली, त्यावरून कोण चालवतंय ते कळलं. मर्ना उतरली. हातात दांड्यांचं आणि खुंट्यांचं गाठोडं.

"टोपी शोधायला पिशवी उघडली," ती म्हणाली. "जेवायची वेळ झाली होती तोवर. लॉर्नाला म्हटलं, वळव."

"पोस्टाने पाठवायचे."

"काय हे लोंबतंय? कुणाचा परकर?"

"तुझा."

मर्ना हसली, ग्लेनिस हसली नाही. मर्नाने दोरी सोडून मला खाली घेतलं. दांडे बाह्यांतून सरकले. ग्लेनिस नेहमीसारखी आपल्या कोपऱ्याशी जाऊन वाकली. मर्ना मात्र आपल्या कोपऱ्याशी गेली नाही. तिने हात खिशात घातले.

"तू एकटीने उभा कर."

"कसा करू? दुसरं टोक कोण धरणार?"

"कुणी नाही. आधी हे टोक भोकात घाल आणि तिथे खुंटी ठोक. हां. आता तिकडे जा. आता वाकव. घाबरू नकोस, तो मोडत नाही."

दांडा सटकला आणि ग्लेनिसच्या दंडावर बसला. काकांनी तोंड उघडलं.

"काका, एक शब्द नको," मर्ना वळूनही न बघता म्हणाली.

दुसऱ्यांदाही सटकला. तिसऱ्यांदा ग्लेनिसने गुडघ्याने दाब दिला, टोक भोकात गेलं आणि मी उठलो. थोडा तिरका, पण उभा. मी त्या दांड्यांवर आयुष्यभर जळलो होतो, आणि आता ते माझ्याकडे कायमचे आले होते. मला आनंद व्हायला हवा होता. मी फक्त मर्नाचे खिशातले हात बघत होतो.

"चल, आत ये जरा," ग्लेनिस म्हणाली.

"आत गेले तर बाहेर कोण काढणार?"

"काढीन."

मर्ना रांगत आत आली. दोघी पडल्या, ग्लेनिसचे पाय दाराबाहेर. बाहेर लॉर्ना गाडीला टेकून उभी होती, घड्याळ न बघता.

"तू राहा म्हटलं तर?" ग्लेनिसने विचारलं.

"म्हणू नकोस."

ग्लेनिस म्हणाली नाही. थोड्या वेळाने ती बाहेर गेली, दोन्ही हात पुढे केले आणि मर्नाला ओढून काढलं. या वेळी कुणी विनोद केला नाही.

तुमच्याकडे जर एखाद्या मैत्रिणीशी वाटून घेतलेलं काही असेल, छत्री, चूल, काहीही, तर तिच्याकडच्या अर्ध्या भागापाशीही अधूनमधून जाऊन बसत जा. तिला उठताना काय होतं, ते तिथे लवकर कळतं. मला एवढंच मागायचं होतं.

१६ ऑगस्ट. ढगाळ, वारा पडलेला. कॅरव्हॅन आदल्या संध्याकाळीच पश्चिमेच्या रस्त्याला लागली होती. दक्षिणेची बस दुपारी आली. ग्लेनिस तीत चढली. कापड, दांडे आणि खुंट्या तिच्या पिशवीत होत्या.